घरचा दुभाष्या

१९९१ साली सोमालियातील सरकार कोसळले, यादवी भडकली आणि लाखो लोक परागंदा झाले. त्यांपैकी बरेच अमेरिकेतील मिनीॲपोलिस येथे स्थायिक झाले. मुले शाळेत इंग्रजी लवकर शिकली. आईवडिलांना वेळ लागला. मग दवाखान्यात, कचेरीत मुलेच दुभाष्ये झाली. आईचा आजार डॉक्टरांना समजावणे हे लहान खांद्यांवर ओझेच! इल्हान ओमर किशोरवयात आजोबांसाठी राजकीय सभांत हेच काम करीत. २०१८ साली त्या अमेरिकेच्या संसदेत निवडून आल्या.

सोमालीत ‘अफ’ म्हणजे तोंड आणि भाषाही. ‘अफ्का होयो’ म्हणजे मायबोली. ती विसरली, तर आजीशी बोलायलाही दुभाष्या लागेल. आपण तशी वेळ येऊ देऊ नये.

शब्दार्थ : यादवी – आपसांतील युद्ध, परागंदा – देशोधडीला लागलेला.

स्वाध्याय : आजीला या आठवड्यातील एक गोष्ट मराठीतून सांगा.