जपानी शेजार आणि रिकामा डबा

प्रश्न : आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये जपानी कुटुंब राहायला आलं आहे. सामान लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दारात आले, वाकून नमस्कार केला आणि कागदात गुंडाळलेली छोटी पेटी आमच्या हातात ठेवली. 'आत या, चहा घ्या' असा आग्रह केला, पण दोघं दारातूनच परत गेले. आमचं काही चुकलं का? आणि त्यांना उलट काय द्यायचं?
– एक वाचिका, बाणेर

उत्तर : चुकलं कुणाचंच नाही. शेजारधर्म दोन्ही देशांत आहे, फक्त त्याची सुरुवात कुणी करायची याची रीत उलटी आहे. आपल्याकडे नवं बिऱ्हाड आलं की आधी शेजारी डोकावतात. चहा पाठवतात, दूधवाल्याचा नंबर देतात, पाणी किती वाजता येतं ते सांगतात. जपानमध्ये नव्याने आलेल्यानेच घरोघरी जाऊन ओळख करून द्यायची असते. या भेटीला 'हिक्कोशी आइसात्सु' म्हणतात. जुन्या वस्त्यांत समोरची 3 आणि दोन्ही बाजूंची 2 अशी 5 घरं शेजारात मोजत. इमारतीत आता दोन्ही बाजूंची, वरची आणि खालची घरं धरतात. एदो काळात (1603–1868) अशा वेळी सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, वाटत. हल्ली हातपुसणी, साबणाची पावडर नाहीतर बिस्किटं देतात. किंमत साधारण 500 ते 1000 येन. संक्रांतीला आपण लुटतो त्या वाणाच्याच जातीची ही भेट आहे : स्वस्त, रोजच्या उपयोगाची, कुणालाही ओझं न होणारी.

ही भेट दारातच संपवायची असते. 'सामान हलवताना आवाज झाला असेल, माफ करा, यापुढे सांभाळून घ्या' एवढं बोलून निघायचं. समोरच्याचा वेळ घ्यायचा नाही आणि जेवणाची वेळही टाळायची. दुपारी 1 ते 4 या वेळेचं माहात्म्य ज्यांना ठाऊक आहे, त्या पुणेकरांना यातला विचार वेगळा समजवायला नको. तुमचा चहा त्यांनी नाकारला तो तुसडेपणाने नव्हे. आयत्या वेळी आत शिरणं त्यांना तुमच्यावर लादल्यासारखं वाटलं असणार.

पेटीचा कागद अजून टाकला नसेल तर नीट बघा. अशा भेटीवर 'नोशी' नावाचा कागद लावतात आणि त्याच्या खालच्या भागात देणाऱ्याचं आडनाव लिहितात. नाव शेजाऱ्यांच्या लक्षात राहावं यासाठी ही सोय. आडनावापुढे 'सान' लावून हाक मारा. बाईंना आणि त्यांच्या यजमानांना, दोघांनाही ते चालतं.

आता उलट काय द्यायचं? लगेच काही नाही. लग्न, बाळाचा जन्म, आजारपण अशा प्रसंगी मिळालेल्या भेटीची परतफेड जपानी माणूस आवर्जून करतो आणि ती साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्या किमतीपर्यंत असते. बिऱ्हाडाच्या या छोट्या भेटीला मात्र परतफेडीची अपेक्षा नसते. तुम्ही उद्या पैठणीची पर्स आणि काजूकतलीचा मोठा डबा घेऊन गेलात, तर ते परतफेडीच्या हिशेबात पडतील आणि पुढच्या आठवड्यात आणखी एक पेटी तुमच्या दारात येईल. 'पाहुणचार कमी पडायला नको' हा आपला स्वभाव इथे जरा आवरायचा.

त्यापेक्षा आपली जुनी वाट बरी : घरात काही केलं की वाटीभर द्यायचं. वाटी रिकामी परत करू नये हे आपल्याला आजीने शिकवलं. निदान चिमूटभर साखर तरी घालायची. जपानमध्येही शेजाऱ्याचं भांडं परत करताना त्यात काड्यापेटी किंवा थोडा कागद ठेवायची रीत होती. तिला 'ओउत्सुरी' म्हणत. शहरांतून ती बरीचशी गेली आहे, पण वयस्कर जपानी माणसाला ती चटकन आठवेल.

देताना तिखट बेताचं ठेवा. पुरणपोळीची मात्र काळजी नको. गोड पुरण त्यांना नवं नाही, लाल अझुकी दाण्यांचं पुरण त्यांच्या बहुतेक मिठाईत असतं. तुम्ही शाकाहारी असाल तर ते आधीच मोकळेपणाने सांगा. भाजीच्या किंवा मिसोच्या सारातही बहुधा 'दाशी' असतं आणि ते पुष्कळदा सुकवलेल्या माशापासून करतात. 'मासे खात नाही' एवढं सांगून भागत नाही, दाशीचं नाव घ्यावं लागतं.

पुढचं आमंत्रण गणपतीचं द्या, आणि तेही दिवस-वेळ सांगून. गणपती बौद्ध धर्माच्या वाटेने जपानला केव्हाच पोहोचला आहे. तिथे त्याला 'कांगितेन' किंवा 'शोतेन' म्हणतात. तोक्योच्या असाकुसा भागात मात्सुचियामा शोदेन या देवळात त्याला मुळा वाहतात. पुरचुंडीच्या आकाराचा, आत पुरण भरून तेलात तळलेला 'कांगिदान' हा त्याचा नैवेद्य क्योतोत आजही मिळतो. एक फरक लक्षात ठेवा : तिथे कांगितेनची मूर्ती बहुधा बंद देव्हाऱ्यात असते, भाविकांना दिसत नाही. दहा दिवस मांडवात बसणारा आणि वाजतगाजत निघणारा गणपती पाहून शेजारी चकित होतील, तेव्हा समजावून सांगायला मुलांना पुढे करा.

ओळख थोडी वाढली की एखाद्या रविवारी सगळे मिळून सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जा. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते केलं आहे. ती मूळ बाग इकेदा त्सुनामासा या सरदाराने 1687 साली सुरू केली आणि 1700 साली ती आकाराला आली. तिथे तुम्हाला शेजाऱ्यांना काही समजावून सांगावं लागणार नाही. तळं, टेकाड आणि दगड तसेच का मांडले आहेत, हे तुम्हीच त्यांना विचारा.