जळजळ नेमकी कुठे होते?

लघवीला जळजळ म्हटलं की आमच्या घरी निदान ठरलेलं: उन्हाळी लागली. आईने फोनवरच धन्या-जिऱ्याचं पाणी सांगितलं. मी तेव्हा पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करत होते. अभ्यासिकेतलं बाथरूम असं, की आम्ही मुली पाणीच बेताने प्यायचो. धन्या-जिऱ्याने उतार पडेना म्हणून मेडिकलमध्ये गेले. काउंटरवर सगळे पुरुष. हळूच ‘लघवीला जळजळ होते’ एवढंच म्हटलं. अंगावरून पांढरं जातंय, खाज सुटते, हे तिथे कोण बोलणार? दुकानदाराने अँटिबायोटिकची पट्टी पुढे सरकवली. ती संपत आली आणि खाजेने झोप उडाली.

शेवटी आई आली आणि आम्ही स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो. मॅडमनी आधी विचारलं, “जळजळ नेमकी कुठे गं? लघवी होताना आत, की बाहेर कातडीला लागल्यावर?”

बाहेर! तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं.

मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग झाला की जळजळ सहसा आतून होते. सारखी घाई लागते, जाऊन बसावं तर चार थेंब, ओटीपोट दुखतं, कधी लघवीत रक्तही दिसतं. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटरचा, त्यामुळे गुदद्वाराजवळचे ई. कोलाय जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोचतात. मला झाला होता बुरशीचा संसर्ग, कॅन्डिडा. दह्याच्या चोथ्यासारखा स्राव, फारसा वास नाही, खाज मात्र जीवघेणी. सुजलेल्या कातडीला लघवी लागली की चुरचुरतं. अँटिबायोटिकने बुरशी मरत नाही. उलट योनीतले राखणदार लॅक्टोबॅसिलस जंतू कमी होतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. लघवीच्या तपासणीत काही निघालं नाही, पण गोळ्या आधीच पोटात गेल्यामुळे त्या निकालावरही पुरता भरवसा ठेवता येईना. म्हणून नमुना पहिल्या गोळीआधी द्यावा, तोही मधल्या धारेचा. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात.

पांढरं जाणं हा मुळात आजारच नव्हे. पाळीच्या मधल्या दिवसांत स्राव पारदर्शक, ताणला जाणारा होतो. इतर वेळी पांढुरका, दाट. त्याने हाडं झिजतात हे निव्वळ थोतांड. रंग, वास बदलला, खाज सुटली, तर मात्र दाखवावं. करडा, पातळ, माशासारखा वास येणारा स्राव म्हणजे बहुधा तिथल्या जंतूंचा तोल बिघडलेला. हिरवट-पिवळा, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनासची शंका घेतात, आणि तो निघाला तर जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं. नुसत्या रंगावरून ठरवू नये, स्राव तपासून घ्यावा. जाहिरातीतले सुगंधी वॉश आणि मेडिकलमधली स्टेरॉइड मिसळलेली मलमं यांच्या वाटेला जाऊ नये. बाहेरून साधं पाणी पुरतं. आत धुवायची गरजच नसते.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणं, उलट्या, किंवा स्रावाबरोबर ओटीपोटात जोराची कळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तर जळजळ थोडी असली तरी थांबू नका.

तपासताना ‘संबंध आलेत का?’ असं विचारतील. कुमारिकेलाही विचारतात, कारण तपासण्या त्यावर ठरतात. आई शेजारी बसलेली असेल तर खरं उत्तर तोंडातून निघत नाही. अशा वेळी ‘मला तुमच्याशी एकटीने बोलायचंय’ एवढं डॉक्टरांना सांगावं. माझ्या मॅडमनी तर मी काही म्हणायच्या आतच आईला बाहेर बसवलं होतं.