दारूच्या आधीचं दुखणं

माझा धाकटा भाऊ बायको आल्यावर बिघडला, असं आमच्याकडे आजही सांगितलं जातं. सांगणारे आमचे थोरले काका. भावजय खाली मान घालून ऐकते. मी ऐकून घेणार नाही, म्हणून हे लिहिते आहे.

भाऊ सातवीपर्यंत अंथरूण ओलं करायचा. काका ती गोधडी त्याच्याच हातानं रस्त्याकडच्या ओट्यावर वाळत घालायला लावायचे, तीही बरोबर शाळेची पोरं जायच्या वेळेला. सोमवार उजाडला की त्याच्या पोटात कळ यायची. वर्गात उभं केलं की तोंडातून शब्द फुटायचा नाही. मी तेव्हा कॉलेजात होते. "डॉक्टरांना दाखवू या," म्हटलं तर काका म्हणाले, "पुरुषाची जात आहे, दोन रट्टे बसले की होईल धीट." रट्टे बसले. तो गप्प झाला आणि सगळ्यांना वाटलं, सुधारला.

पुढचं चार घरांत होतं तसंच. आधी वरातीत दारू, मग पगाराच्या दिवशी, मग रोजची क्वार्टर, आणि शेवटी सकाळी हात थरथरतात म्हणून.

मला उलगडा झाला तो मानसोपचारतज्ज्ञांच्या खोलीत. किती घेता, कधीपासून, हे झाल्यावर त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा घेतलीत तेव्हा कसं वाटलं?" भाऊ बराच वेळ बोटं मोडत बसला. मग म्हणाला, "छातीतली धडधड थांबली. वाटलं, बाकीची माणसं रोज अशीच असतात की काय?" घरी आल्यावर मी हे काकांना शब्दन् शब्द सांगितलं. "सगळी नाटकं," म्हणाले आणि पेपर उघडला.

नाटकं नाहीत. अमेरिकेत फेलिटी, आंडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी मारहाण, अपमान, आईला होणारी मारहाण, घरात व्यसनी माणूस, अशा चार किंवा अधिक प्रकारच्या गोष्टी ज्यांच्या वाट्याला आल्या, त्यांच्यात मद्यपाश, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका यातलं काहीच वाट्याला न आलेल्यांच्या चार ते बारा पट आढळला. प्रत्येक भित्रं मूल पुढे पितंच असं नाही. पण ज्याची भीती कुणी ऐकलीच नाही, त्याला दारू औषध वाटते, आणि काही काळ ती लागूही पडते. घात तिथेच होतो. उतरली की धडधड आणखी वाढते, मग पुन्हा पेला.

म्हणून सांगते. शाळेच्याच दिवशी पोट दुखत असेल, मोठं मूल अंथरूण ओलं करत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मुलांना वेळ द्या, मारू नका.

घरात पिणारा माणूस असेल तर डॉक्टरांना त्याचं लहानपणही सांगा. आम्ही लिव्हरचे रिपोर्ट घेऊन गेलो होतो. मी गोधडीचं सांगितलं, तेव्हा कुठे भीतीवर उपचार सुरू झाले. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. आणि चहातून, भाजीतून चोरून दारू सोडवायच्या गोळ्या अजिबात देऊ नका. गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे चोरून गोळ्या द्यायचा सल्ला कुणी दिला, हे वेगळं सांगायला नको. ते पाकीट मी भावजयीच्या हातातून काढून घेतलं.

भाऊ आता उपचार घेतो आहे. मधूनच पाय घसरतो, पुन्हा उभा राहतो. त्याला सांभाळणाऱ्या बाईला जो दोष देतो, त्याला उपचाराच्या काळात घरात पाऊल ठेवू देऊ नका, मग तो वयानं कितीही मोठा असो.