जुनी मोटार घेताना

रोह्याजवळ एक गाव आहे. तिथल्या एका शेतकऱ्याची थोडी जमीन रस्त्यात गेली. जमिनीचा मोबदला मिळाला. वीस लाख रुपये बँकेत जमा झाले. एवढी रक्कम त्या घराने कधी पाहिली नव्हती.

घरात बोलणी सुरू झाली. आई म्हणाली, घर नीट करा. बायको म्हणाली, मुलीच्या शिक्षणाला ठेवा. शेतकऱ्याच्या मनात मात्र मोटार होती. तीही साधी नव्हे. उंच, काळी, परदेशी कंपनीची, छपराला काच असलेली. नवी होती तेव्हा ती ऐंशी लाखांची होती. आता ती बारा वर्षांची झाली. पनवेलचा एक दलाल ती बारा लाखांत देतो म्हणाला.

शेतकऱ्याच्या मामाचे पेणला गॅरेज आहे. भाचा मामाकडे गेला.

"मामा, ऐंशी लाखांची गाडी बारा लाखांत मिळते. घेऊ ना?"

मामाने फडक्याला हात पुसले. "गाडीची किंमत उतरली, हे खरं. तिच्या सामानाची उतरली का?"

भाचा गप्प बसला.

"अरे, बारा लाखांची झाली तरी तिचे पार्ट ऐंशी लाखांच्या गाडीचेच. जुन्या गाडीला म्हणून कंपनी स्वस्त पार्ट देत नाही. आणि गाडी जितकी जुनी, तितके पार्ट जास्त लागणार."

मग मामाने त्याला एकेक गोष्ट समजावून सांगितली. आपणही ती समजून घेऊ.

आपल्या जीपला खाली लोखंडी पाटे किंवा स्प्रिंगा असतात. अशा कित्येक भारी गाड्यांना त्याऐवजी रबरी पिशव्या असतात. एक लहान पंप त्यांत हवा भरतो. त्यामुळे गाडी खड्ड्यातही धक्के देत नाही. पण रबर ते रबर. आठ-दहा वर्षांत त्याला बारीक चिरा पडतात. हवा हळूहळू गळते. पंप बिचारा पुन्हा पुन्हा हवा भरत राहतो. सायकलच्या ट्यूबला भोक असावे आणि माणसाने रात्रभर पंप मारत बसावे, तसे हे आहे. शेवटी पंपही जळतो. पिशवी आणि पंप मिळून खर्च लाखाच्या वर सहज जातो.

दुसरी गोष्ट पावसाची. ही आपण कोकणातल्या माणसांनी नीट ऐकावी. छपराच्या काचेभोवती पन्हळ असते. पन्हळीतले पाणी चार कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून खाली जाते. गाडी आंब्याखाली उभी राहिली की पाने, मोहोर, धूळ त्या नळ्यांत बसते. घराची पन्हळ तुंबली तर पाणी कुठे जाते? घरात. तसेच इथे पाणी आत उतरते आणि पायाखालच्या गालिच्याखाली साचते. काही गाड्यांत नेमके तिथेच विजेचे डबे असतात. दिवे, कुलपे, गिअर, सगळे त्या डब्यांच्या हुकमावर चालते. डबा भिजला की गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही. कुठली वायर बिघडली ते नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. संगणक लावून पाहावे लागते. तो संगणक आणि तो जाणणारा माणूस प्रत्येक नाक्यावर मिळत नाही. गाडी ट्रकवर चढवून पनवेलला किंवा मुंबईला न्यावी लागते.

"आणि कुंडलिकेला पूर आला, रस्त्यावर पाणी चढलं, तर?" भाच्याने विचारले. "गाडी उंच आहे ना?"

"उंच आहे म्हणूनच माणूस पाण्यात घालतो!" मामा म्हणाला. "इंजिन हवा ओढतं. हवेबरोबर पाणी ओढलं की संपलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आतले दांडे वाकतात. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करून बघायची नाही. ओढून आणायची."

असे पाणी शिरून इंजिन गेले तर साध्या विम्यात पैसे बहुधा मिळत नाहीत. त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. जुन्या गाडीला पुष्कळ कंपन्या ते देतच नाहीत.

मग मामाने खडू घेतला आणि पाटीवर हिशेब मांडला. विमा पन्नास हजार. ऑइल, फिल्टर, ब्रेक यांना पन्नास हजार. एक टायर पंचवीस हजारांचा. चार मिळून एक लाख. तीन वर्षे चालले असे धरले तरी वर्षाचे तेहतीस हजार. वर्षात एक मोठी दुरुस्ती, दीड लाख. बेरीज दोन लाख त्र्याऐंशी हजार. म्हणजे महिन्याला तेवीस हजारांच्या वर. यात डिझेल नाही. रोह्याहून पेणला येऊन परत जायला सुमारे ऐंशी किलोमीटर होतात. आठ लिटर डिझेल लागेल.

मामाचा हिशेब अंदाजाचा होता. एखादे वर्ष कमी खर्चात जाईल, एखाद्या वर्षी दुप्पट होईल. पण भाच्याने पाटीकडे बराच वेळ पाहिले. त्याचे भाताचे उत्पन्न त्याला पाठ होते.

"गाडी कुठली आहे?" मामाने विचारले.

"दिल्लीची."

"मग कागद आधी बघ."

दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती उचलून धरली. त्यामुळे तिकडच्या पुष्कळ गाड्या स्वस्तात इतर राज्यांत आल्या. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, लागतो. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा नमुना ३५ हवा. महाराष्ट्राचा रस्ता-कर पुन्हा भरावा लागतो, तो वेगळाच. रोहे-पेणच्या लोकांचे हे काम पेणच्या आरटीओ कार्यालयात होते. एमएच ०६ हा आकडा तिथलाच. नुसत्या साध्या कागदावर सही घेऊन पैसे देऊ नयेत. नाव बदलले नाही तर गाडी कायद्याने दुसऱ्याचीच राहते.

पुढच्या रविवारी मामा-भाचे पनवेलला गेले. गाडी धुऊन, पुसून, चालू करून ठेवली होती. मामा म्हणाला, "बंद करा. आम्ही जेवून येतो."

दोन तासांनी ते परत आले. गाडीचा डावा पुढचा कोपरा चार बोटे खाली बसला होता.

"जमीन उतरती आहे इथं," दलाल म्हणाला.

"मग तोंड फिरवून उभी करा," मामा म्हणाला.

गाडी फिरवली. पुन्हा चहा झाला. तासाभराने पाहिले, तर पुन्हा डावाच कोपरा खाली.

दलालाने लगेच एक लाख कमी केले. भाच्याने खिशातले विसाराचे पैसे चाचपले आणि मामाकडे पाहिले. मामा काही बोलला नाही. तो वाकून गालिचा उचलत होता. खालचा थर ओला लागला.

दोघे पेणच्या एसटीत बसले. वाटेत भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या गॅरेजात जी दुरुस्त होईल, तशी एखादी बघा. सात माणसं बसतील अशी. पाच लाखांच्या आतली."

"बघतो," मामा म्हणाला. "पण आधी घरच्या छपराचं काय ते ठरव. पाऊस जवळ आलाय."