नाव नेमकं तोंडाशी येऊन अडतं

प्रश्न : माझं वय ६८. सोसायटीत नवीन आलेल्यांची नावं दोन दिवसांत विसरते. नात मात्र वर्गातल्या सगळ्यांची नावं घडाघडा सांगते. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नाही ना?

उत्तर : ताई, एवढ्यावरून घाबरू नका. माणूसच न ओळखणं, नेहमीची वाट चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं असं काही असेल, तर मात्र डॉक्टरांना जरूर भेटा.

नावं सगळ्याच वयात निसटतात. ब्रिटनमधल्या १९८७च्या एका प्रयोगात लोकांना अनोळखी चेहऱ्यांसोबत आडनाव आणि व्यवसाय शिकवले. एकच शब्द व्यवसाय म्हणून आठवला, आडनाव म्हणून तितकासा नाही. आपल्याकडचं ‘सुतार’ घ्या. कामाला रंधा, करवत, भुसा चिकटलेला असतो; आडनावाला काहीच नाही. वय वाढतं तसा माणूस आणि त्याच्या नावाचा उच्चार यांतला दुवा सैल होतो. म्हणून मजला आठवतो, नोकरी आठवते, नाव तेवढं अडतं आणि भाजी चिरताना आपसूक येतं.

नातीला रोजची हजेरी ऐकायला मिळते, खेळताना हाका माराव्या लागतात. आपण मात्र ‘बंटीची आई’, ‘तिसऱ्या मजल्यावरच्या काकू’ म्हणून भागवतो आणि नावाचा सराव होतच नाही. तेव्हा नाव विचारा, लगेच वापरा : “सुलभाताई, पाणी आलं का?” मग घरी पोचल्यावर, रात्री आणि दोन दिवसांनी स्वतःच आठवून पाहा. नाव वहीत लिहून ठेवलं असेल, तरी ती आधी उघडू नका. आठवण्याच्या खटपटीनेच नाव पक्कं होतं. तरी विसरलात, तर सरळ पुन्हा विचारा.