वर्गांत लक्ष न लागणारें मूल
(पालक व शिक्षक यांजकरितां पाठ)

१९१७ सालीं राजर्षि शाहू महाराजांनीं कोल्हापूर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. आपलें जयसिंगपूरहि त्यांनींच वसविलें. सक्तीनें मूल शाळेंत आलें. परंतु आंत बसलेल्या प्रत्येकास सारखें शिकतां येतें काय? ज्यांस आपण "द्वाड" किंवा "ढ" म्हणतों, त्यांतील कित्येकांस शिक्षेची नव्हे, तपासणीची गरज असते.

१. देहाचें दुखणें. दमा, रक्तक्षय, सिकलसेल यांनीं मूल थकतें, व थकलेल्याचें लक्ष टिकत नाहीं. अपस्माराच्या एका प्रकारांत मूल पडत नाहीं. कांहीं सेकंद एकटक पाहतें, हांक ऐकत नाहीं, आणि मग जणूं कांहींच घडलें नाहीं असें पुढें लिहूं लागतें. गुरुजींस वाटतें, पोर स्वप्नांत आहे. ह्यावर औषध आहे. मोठा झटका आल्यास कांदा किंवा वहाण हुंगवूं नये, तोंडांत कांहीं घालूं नये. कुशीवर निजवावें, व ५ मिनिटांत न थांबल्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें.

२. अवधानाचा दोष. हा मेंदूच्या वाढीशीं संबंधित असून पुष्कळदां आनुवंशिक असतो. आईबापांची हयगय हें त्याचें कारण नव्हे. लक्षणें १२ वर्षांच्या आंत दिसूं लागतात, निदान ६ महिने टिकतात, व घरीं आणि शाळेंतहि आढळतात. केवळ शाळेंतच दिसलीं, तर डोळे, कान व वाचनांतील अडचण आधीं तपासावी. सर्वच मुलें चंचल नसतात; कित्येक, विशेषतः मुली, शांत बसून हरवलेल्या असतात, म्हणून त्यांजकडे कोणी पाहत नाहीं.

३. उपाय. मुलास पुढें बसवावें. एका वेळीं एकच सूचना द्यावी. काम लहान तुकड्यांत वांटावें. फळा पुसणें अशा निमित्तानें उठूं द्यावें. शाबासकी लगेच द्यावी. छडी तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेंच वर्ज्य केली आहे.

४. हक्क. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांतील २१ प्रकारांत सिकलसेल व अध्ययन-अक्षमता आहेत. अवधानदोषाचें स्वतंत्र नांव नाहीं. परंतु हा दोष व अध्ययन-अक्षमता पुष्कळदां एकत्र असतात. म्हणून दोहोंची तपासणी मागावी. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें पथक शाळेंत येईल, तेव्हां आपली शंका स्पष्ट सांगावी.

मननार्थ प्रश्न
१. आपल्या वर्गांत "स्वप्नांत असणारें" मूल कोणतें? त्यास कोणी तपासलें आहे काय?
२. ह्या आठवड्यांत त्यास आपण किती वेळां रागावलों, व किती वेळां शाबासकी दिली?