मालक ठाण्यात, कॅमेरा मुरुडात

हर्णै बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव ज्याने पाहिलाय, त्याला तिथली घाई माहीत असते. वाळूवर वाटे पडतात, बोली लागते आणि बघता बघता टोपल्या उचलल्या जातात. त्या गर्दीत आमच्या रिसॉर्टच्या काकी एका हातात सुरमई आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून उभ्या असायच्या. फोटो ठाण्याला जायचा, मालकांचा ‘घ्या’ यायचा, तोवर सुरमई दुसऱ्याच्या पिशवीत. उभा जन्म मासळी पारखण्यात गेलेली बाई ती!

मुरुडच्या त्या रिसॉर्टमध्ये मी मॅनेजर होते. मालक वाईट नव्हते. पगार वेळेवर, सणाला बोनस. पण कर्ज काढून बांधलेली जागा पाच-सहा तासांच्या अंतरावर, त्यामुळे जीव सगळा इकडे. आधी फाटकावर कॅमेरा आला, मग काउंटरवर, मग थेट चुलीसमोर. सकाळी नाश्त्याच्या धांदलीत फोन यायचा, “मॅडम, पोह्यांत दाणे जास्त पडतायत.”

असल्या देखरेखीने माणसं हळूहळू हात आखडतात. एकदा गिझर बंद पडला. वायरमन गावातलाच, हाकेच्या अंतरावर. मालकांचा फोन लागेना, म्हणून कामावरच्या पोराने त्याला बोलावलंच नाही. पाहुण्यांनी गार पाण्याने अंघोळी केल्या. मी विचारलं तर म्हणाला, “ताई, बोलावला असता तर कोणाला विचारून बोलावलास म्हणून बोलणी, नाही बोलावला तर गिझरच खराब. मग गिझरच खराब असू दे की.” त्याचं गणित मला खोडता आलं नाही. असल्या ठिकाणी हुशार माणूस आधी सोडून जातो.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने दापोलीच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. वीज नाही, फोन नाही. त्या दिवसांत याच पोरांनी झाडं तोडून वाट मोकळी केली, उडालेले पत्रे शोधून आणले, उधारीवर ताडपत्री आणली आणि सगळा खर्च वहीत मांडून ठेवला. मालकांना वहीत बोट ठेवायला जागा सापडली नाही. रेंज आली, कॅमेरे लागले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पुढे मी ती नोकरी सोडली.

कामात मोकळीक द्यायची म्हटलं की मला महर्षी कर्वे आठवतात. मुरुड हे त्यांचं गाव. पै-पैच्या हिशोबाला काटेकोर माणूस. 1896 मध्ये पुण्यात त्यांनी विधवांसाठी संस्था काढली, तिच्या फंडासाठी गावोगाव हिंडायचं काम पुढे त्यांच्या मेहुणीने, पार्वतीबाई आठवल्यांनी अंगावर घेतलं. पार्वतीबाई देवरुखच्या, विधवा, शिक्षण मोठेपणी झालेलं. 1918 मध्ये त्या इंग्रजी शिकायला आणि निधी जमवायला अमेरिकेला गेल्या, 1920 मध्ये परतल्या. पत्राला महिना-दीड महिना लागायचा तो काळ. तिथे कोणाला भेटायचं, काय बोलायचं, हे पुण्यातून विचारत बसायची सोयच नव्हती. चोख हिशोब आणि मोकळा हात एकाच संस्थेत नांदू शकतात, एवढं त्यावरून दिसतं.

मुरुड, कर्दे, हर्णै या पट्ट्यात आता आमच्यासारखी बरीच रिसॉर्ट आहेत आणि त्यांचे मालक पुण्या-मुंबईला असतात. ते विचारतात, तेव्हा मी सांगते की आधी एक रक्कम ठरवा. हजार म्हणा, दोन हजार म्हणा. तेवढ्यापर्यंत विचारायचं नाही, संध्याकाळी पावतीसकट सांगायचं. हिशोबाची वेळही एकच ठेवा. दिवसभर फोन करायचा आणि वर महिनाअखेरीला वही तपासायची, हा दुहेरी जाच. कॅमेरा फाटकावर, पार्किंगला जरूर असावा. चुलीसमोरचा काढा. पाहुण्याने तक्रार केली तर त्याच्यादेखत आपल्या माणसाला झापू नका. त्याची बाजू पाहुणा गेल्यावर ऐका.

हाताखाली काम करणाऱ्यांनाही माझं एक सांगणं असतं. वाईट बातमी आपण आधी सांगायची. काच फुटली, बुकिंग दोनदा घेतलं गेलं, तर ते मालकाला दुसऱ्याकडून कळता कामा नये. तसं एकदा कळलं की पुढच्या वेळी तो फोन करणारच, आणि तेव्हा त्याला नावं ठेवता येत नाहीत.

खरी परीक्षा ठरलेल्या रकमेच्या आतली पहिली चूक झाली की होते. समजा काकींनी आणलेली मासळी शिळी निघाली, आठशे रुपये पाण्यात. ते मालकाने सोसायचे. पगारातून कापले, तर दुसऱ्या दिवशी काकी परत मोबाइल घेऊनच बंदरावर जाणार.